गुरुवारचं कलम

"केसांना तेल आहे माझ्या. तुमचं यंत्र बुळबुळीत झालं तर नंतर मला बोलायचं नाही," हौसाक्का खोत म्हणाली आणि तारांची ती उमजटोपी तिनं कपाळावर ओढून घेतली.

कोल्हापूरच्या करार-निवाडा प्रयोगशाळेत तिच्यासमोर तिघं बसली होती. यंत्र चालवणाऱ्या डॉ. नीरजा तगारे. कंपनीचे वकील शिरगुप्पे, कोटाची इस्त्री मोडू नये म्हणून खुर्चीच्या कडेला टेकलेले. आणि रमाकांत हावळ, कंपनीचा खरेदीदार, पन्नाशीचा, जाड भिंगांचा. त्यानंच हौसाक्काचा करार करून घेतला होता. पुढं चटणी न्यायला यायचा एकही गुरुवार चुकवला नव्हता. मात्र गेला महिनाभर तो तिच्या दारात फिरकला नव्हता, आणि आत्ताही तिच्याकडे बघायचं टाळत होता.

भांडण चटणीचं होतं. हौसाक्का घरी कांदा-लसूण चटणी करायची. मिरची, खोबरं, तीळ स्वतः भाजायची, कोपऱ्यावरच्या डंकावर समोर उभं राहून कुटून आणायची आणि कंपनीला द्यायची. आता कंपनी म्हणत होती, सातव्या कलमाप्रमाणे चटणीची कृती आमची, 'हौसाक्का' हे नावही आमचं. यापुढे चटणी कारखान्यातले यंत्रहात करतील. बाईंनी घरी केलेली चमचाभर चटणीही कुणाला विकायची नाही.

"माझं नाव माझ्या आईनं ठेवलंय," हौसाक्का म्हणाली. "तुमच्या साहेबाच्या बारशाला मी गेले होते का त्याचं नाव पळवायला?"

"बाई, करार झालाय," शिरगुप्पे म्हणाले. "आमच्या प्रतिनिधीनं एकूण एक कलम मोठ्यानं वाचून दाखवलं. ध्वनिमुद्रण आहे."

"ते जुन्या कायद्यात चालायचं, वकीलसाहेब," तगारे म्हणाल्या. "वाचून दाखवलं म्हणजे उमजलं, असं आता धरत नाहीत."

"कायदा मला माहीत आहे."

"आक्कांना कुठं माहीत आहे? त्यांच्यासाठी सांगते." त्या हौसाक्काकडे वळल्या. "पूर्वी माणसं न वाचताच करार करायची. अडाणी अंगठा उठवायची, शिकलेली 'मान्य आहे' दिसलं की बोट टेकवायची. मग मनोमुद्रा निघाली. एखादी गोष्ट खरोखर उमजली, की मेंदूत तिचा एक आकार उठतो. शब्द नुसते कानावरून गेले, तर उठत नाही. म्हणून करार करताना दोन्ही बाजूंनी टोपी घालायची. दोघांच्या डोक्यात जे आकार सारखे उठले, तेवढाच करार. कागद फक्त आठवणीपुरता."

"आणि एकाच्या डोक्यात उठला, दुसऱ्याच्या नाही, तर?"

"तर ते कलमच नाही."

"मग उघडा," हौसाक्का म्हणाली. "माझ्या डोक्यात नाव विकायचा आकार कधी उठायचा नाही. त्या दिवशी मी चांगली शुद्धीत होते."

तगारेंनी करार करतानाच्या दोघांच्या मुद्रा उघडल्या. भिंतीवर दोन उमजनकाशे उमटले, एक तिचा, एक हावळचा, आणि खालून कलमं सरकू लागली. पहिलं कलम. हौसाक्काचा नकाशा काळा, म्हणजे आकारच नाही. शिरगुप्पेंनी मान डोलावली, एवढं त्यांनी धरलंच होतं; त्यांची भिस्त सातव्यावर होती. मग त्यांनी हावळच्या नकाशाकडे पाहिलं. तोही काळा.

"सातवं?" त्यांनी घाईनं विचारलं.

"सातवंही काळंच. दोन्हीकडे."

"हावळ! वाचताना तुम्ही करत काय होता?"

"जेवत होतो, साहेब."

"कलमं वाचताना?"

"एका हातात कागद, दुसऱ्यात भाकरी. चटणी त्याच दिवशी डंकावरनं आलेली. काय झणका होता वो! डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी. तोंड आपलं वाचत होतं, मी कुठला त्यात?"

"आणि तुम्ही, बाई?"

"मी त्याच्या ताटाकडं बघत होते. माणूस जेवायला बसला की वाढणारीनं ताटाकडं बघायचं. पाव्हण्याला तसाच टाकून कागदात डोकं घालणारी बाई आमच्या गल्लीत अजून जन्माला यायची आहे."

तगारेंना हसू आलं, पण तेवढ्यात त्या भिंतीपाशी गेल्या. अगदी शेवटी, कलमं संपल्यावर, दोन्ही नकाशांत एक ठिपका पेटला होता. एकाच जागी, एकाच आकाराचा.

"हे मात्र जुळतंय. तंतोतंत." त्यांनी खालची ओळ वाचली. "हावळांनी दर गुरुवारी यायचं. आक्कांच्या घरी बसून जेवायचं. मुदत दोघांच्याही डोक्यात नाही. आक्का, तुमच्या सबंध नकाशात एवढंच आहे. आणि केवढं ठळक! असा आकार मी अजून पाहिला नव्हता."

हौसाक्कानं पदर सारखा केला. टोपी घातली तेव्हा वाटलं नव्हतं, पण आता वाटलं की चारचौघांत आपल्याला उघडं केलं. गल्लीत ती सांगत फिरायची, 'धंद्यापायी मान वर करायला फुरसत नाही बाई, कुणी आलं तर खोळंबाच होतो.' खरं म्हणजे येत कोण होतं? भाजी, दूध, औषध, सगळं हवाईडब्यातून गच्चीवर उतरायचं. दोन मुलगे याच शहरात होते. तेही आईच्या हातची चटणी हवाईडब्यानंच मागवायचे. दाराची कडी आतून उघडायची ती एका हावळसाठी. महिन्यापूर्वी कंपनीनं तीही फेरी बंद केली आणि गुरुवारी चटणी न्यायला गच्चीवर डबा उतरला. त्या दिवशी केलेल्या भाकऱ्या तिनं गाईला घातल्या होत्या.

"म्हणजे चटणी सुटली, नाव सुटलं," तगारे म्हणाल्या. "आणि हे एक कलम कायम. ते हावळांवर व्यक्तिशः आहे, कंपनीवर नाही. दोघांच्याही डोक्यात कंपनी नव्हतीच."

हावळनं चष्मा काढला. "मॅडम, बायकोची बदली नांदेडला झालीया. सामान गेलंय. मी इथली नोकरी पण सोडली. आजच्या कामापुरता थांबलोय."

"मग जा की," हौसाक्का ताडकन म्हणाली. "तुला कुणी बांधून घातलंय? मी काय कायद्याच्या दोरीनं माणसं ओढून आणून जेवायला घालते होय? सोडलं मी कलम. लिहा."

"लिहून भागत नाही, आक्का. करार मोडायलाही दोघांना तो मनापासून मोडायचा असावा लागतो."

हावळनं दुसरी टोपी घातली. हिरवा दिवा लगेच लागला. फारच लगेच, असं हौसाक्काला वाटलं. त्याची संमती जमा झाली.

हौसाक्काच्या वेळी लाल लागला.

"मी म्हणते ना सोडला!"

लालच.

"देवाशप्पथ सोडला. त्याची बायको तिकडं, हा इकडं काय करणार? कळतं मला. जा बाबा, सुखानं जा."

लाल.

"यंत्र तोंडाचं ऐकत नाही, आक्का," तगारे हळूच म्हणाल्या.

हौसाक्कानं टोपी काढून टेबलावर आपटली. जिंकून एवढं तोंड लपवत घरी जायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती.

पुढच्या गुरुवारी हावळ आला. नांदेडहून वेगगाडीनं, डोळे तांबारलेले, मनगटावर प्रयोगशाळेनं बांधलेला साक्षमणी. कलम पुरं झालं की तो उजळायचा.

"कसं काय, आक्का?"

"बरं आहे. बस. बायको कशी आहे?"

"आहे."

पूर्वी हा माणूस पहिल्या घासाला हाश्शहुश्श करायचा, 'मारता काय आक्का' म्हणत आणखी मागायचा, सासऱ्याच्या गोष्टी सांगून तिला पोट धरून हसवायचा. आता तो नेटानं चावत होता. मधून मधून मनगटाकडे बघत होता. शेवटचा घास गिळला, मणी उजळला, आणि हावळ हात धुवायला उठला.

"ताक घे की."

"गाडी आहे, आक्का."

त्यापुढच्या गुरुवारी तिनं त्याच्या आवडीचं पिठलं केलं. त्यापुढच्या गुरुवारी चटणी जरा जहाल केली, निदान डोळ्यांतून पाणी तरी येईल म्हणून. पाणी आलं. त्यानं ते बाहीनं पुसलं आणि मण्याकडे पाहिलं. एकदा तिनं मुद्दाम विचारलं, "सासरा काय म्हणतो रे तुझा?" हावळ म्हणाला, "वारला की वो, आक्का. गेल्या पंधरवड्यात." आणि जेवत राहिला. आपल्या घरात बसून जेवणारा माणूस सुतकातलं दुःख सांगत नाही, इतकी ही जागा त्याला परकी झाली, हे हौसाक्काला त्या क्षणी कळलं. दारात त्याची पावलं वाजली की आता तिला खोळंबाच वाटायला लागला. गल्लीला सांगितलेलं खोटं असं खरं झालं.

तिनं प्रयोगशाळेला निरोप पाठवला: टोपी घेऊन या.

उमजटोपी हवाईडब्यातून पाठवायला कायद्याची बंदी होती, म्हणून डॉ. तगारे स्वतः आल्या. स्वयंपाकघरात बसूनच हौसाक्कानं टोपी घातली. तिनं शपथ घेतली नाही, मोठ्यानं बोलली नाही. फक्त मण्याकडे बघणारा हावळ डोळ्यांसमोर आणला.

हिरवा दिवा पहिल्याच खेपेला लागला.

"झालं, आक्का. कलम रद्द. दोघंही मोकळे," तगारे म्हणाल्या.

"एवढ्यात? एकदा तरी अडेल असं वाटलं होतं मला."

तगारेंनी टोपी तिच्या डोक्यावरून सोडवून घेतली. तव्यावरची भाकरी फुगत होती, ती हौसाक्कानं उलटली.

"खाऊन जा, बाई. भाकरी आहे, चटणी आहे. एवढं वरपर्यंत आलात."

तगारेंनी वास घेतला. क्षणभर त्या थांबल्यासारख्या झाल्या. "आज घाईत आहे, आक्का. पुन्हा येईन की कधीतरी."

'कधीतरी' हौसाक्काला चांगलं माहीत होतं. दोन्ही मुलगे तेच म्हणायचे.

"टोपी आता तुम्ही घाला," ती म्हणाली, "आणि तेवढंच एकदा परत बोला."

डॉक्टर मोठ्यानं हसल्या. टोपी त्यांनी पेटीत ठेवली होती, झाकणही लावलं होतं; ते काही त्यांनी उघडलं नाही.