बिनमिठाचे फालसे

"मीठ नको," मी पुन्हा म्हणाले, तरी फालसेवाल्याचा हात काळ्या मिठाच्या डब्याकडेच. काशीत भोसले घाटाच्या गल्लीत ही आंबटगोड फळं बिनमिठाची मागणारी वेडी त्याला याआधी भेटली नसावी.

"बिना नमकाचे कसे हो खाता?" शेजारून कुणीतरी विचारलं. चक्क मराठीत!

"खात नाही. मी वाटते."

"काय वाटतं?"

वळून पाहिलं तर — पानाने लाल झालेले ओठ आणि डोळ्यांत इतकं निरागस कुतूहल की मला हसूच फुटलं. मग सांगावंच लागलं. मी रुची, अमरावतीची. इथल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत फालसे वाटते, अल्कोहोलमध्ये भिजवते, गाळते, आणि त्या लाल अर्कात शरीरातल्या पेशींना जपणारी द्रव्यं किती आहेत ते मोजते. मीठ पडलं की सगळंच बिनसतं. हंगाम संपला की काम संपणार आणि मी घरी जाणार.

तो निमिष. शाळेत संस्कृत शिकवणारा, पिढ्यान्‌पिढ्यांचा काशीकर. फालशाला संस्कृतात परूषक म्हणतात, एवढं ज्ञान देऊन तो गेला, आणि दुसऱ्या सकाळपासून ताजे, निवडलेले फालसे प्रयोगशाळेत आणून द्यायला लागला. त्याला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मीही नको म्हटलं नाही...

प्रश्न मात्र फार विचारायचा. चाचणीच्या जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब पडले की ते पिवळं का होतं? जितकं पटकन पिवळं, तितकं फळ गुणी, असं मी सांगायचे, आणि तो द्रावणाकडे कमी नि माझ्याकडे जास्त बघायचा.

एकदा हे कुतूहल नडलं. मी पाठमोरी असताना त्याने बाटलीत बोट बुडवलं... आणि लाल अर्क बघता बघता हिरवा! बोटाला पानाचा चुना होता. चुना लागला की हा रंग पालटतो. सकाळभराची मेहनत पाण्यात. मी अशी काही बरसले की बिचारा तोंडातला विडा चावायचं विसरला. दुसऱ्या दिवशी दुप्पट फालसे घेऊन आला, ओठ कोरे. त्यानंतर पान कधी दिसलंच नाही. मी विचारलं नाही, पण रोज ओठांकडे बघत राहिले — शास्त्रीय निरीक्षण, दुसरं काय!

हंगाम संपत आला. एका संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर तो एकदम थांबला.

"तुम्ही जाऊ नये असं... म्हणजे, आपल्या लग्नाचं विचारायची... महिनाभर चेष्टाच करतोय मी."

मी दोन पायऱ्या वर सरकले. "महिनाभर? चेष्टा?"

"हो," तो म्हणाला, "अगदी मनापासून."

मी मागे न बघता ई-रिक्षात बसले. लग्नाची चेष्टा! आणि मी मेली मनात काय काय रचून बसले होते. डोळे पुसत प्रयोगशाळेच्या दाराशी पोचले. दारावर तीच जुनी हिंदी पाटी: 'बिना अनुमति प्रवेश की चेष्टा न करें.'

रोज वाचत होते, आज पहिल्यांदा थांबले. चेष्टा... म्हणजे प्रयत्न. अगं बाई, हा महिनाभर प्रयत्न करत होता! चेष्टा झाली ती माझ्याच अकलेची.

त्याच पावली परत फिरले. गल्लीच्या तोंडाशी पानवाल्यापुढे तो उभा, विडा ओठांपाशी.

"ठेवा तो," मी धापा टाकत म्हणाले. "चुना आहे त्यात."

त्याने विडा खाली ठेवला, पण माझ्याकडे बघेना. मग मीच पाटीची गोष्ट सांगितली, आणि आमच्याकडे चेष्टा म्हणजे थट्टा, हेही. त्याचे कान लालबुंद झाले. आमच्या घरी सगळे असंच बोलतात, असं काहीसं तो पुटपुटला.

"मग चला तुमच्या घरी. तुमच्या आईंसमोर आता मी चेष्टा करून बघते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे... तुम्हालाही वाटतं?"

"वाटतं," मी म्हणाले. "आणि या वेळी फालसे नाही हं."