मुक्या पट्टीचा ठोका

"ती खिडकी लाव आधी! सरांच्या व्हायोलिनांनी गळा काढलाय!" मिरची ओरडली. "आपल्या रेडिओवर त्यांचं रडगाणं नको!"

गुंडी, म्हणजे शिंपीकाकांची लेक, खिडकीकडे धावली आणि तिथेच थबकली. "मिरचे, इकडे ये. ही तर तुझ्या आजोबांची धून!"

"काहीतरीच!" म्हणत मिरची आली आणि तिचंही तोंड उघडंच राहिलं. समोरच्या संगीत क्लासात ओळीने बसलेली मुलं व्हायोलिन वाजवत होती. धून वर चढली, एका जागी गप्प झाली, सगळ्यांनी मिळून जमिनीवर पाय आपटला, ठक्! आणि धून पुढे निघाली.

"अरे, ठोकासुद्धा चोरला!" मिरचीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "निदान तेवढा तरी गाळायचा!"

त्या ठोक्याची गंमत मिरची, गुंडी आणि त्यांचा दोस्त ढापण्या या तिघांना पक्की ठाऊक होती. सुट्टी लागताच त्यांनी वाचनालयाच्या माडीवरची रद्दीची खोली झाडून घेतली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, दाराला जुनं ब्लँकेट टांगलं आणि वस्तीपुरता ऐकू येणारा रेडिओ सुरू केला. परवानगीची धावपळ मिरचीच्या मावशीने केली, ती तिथे ग्रंथपाल होती. नियम एकच, इथे वस्तीतल्याच माणसांनी गायचं-वाजवायचं. उद्घाटनाच्या दिवशी आजोबांचं अकॉर्डियन वर नेताना गुंडीचा पाय घसरला आणि ते गडगडत गेलं ते थेट वाचनालयाच्या अध्यक्षांच्या पायावर! अध्यक्षांनी केवढा थयथयाट केला! अकॉर्डियनला काय लागलं, हे मात्र कुणीही विचारलं नाही. त्याची एक पट्टी त्या दिवसापासून मुकी झाली होती.

आजोबांनी आयुष्यभर बस चालवली होती, अडलेल्या गाडीवर रडत बसणं त्यांना माहीतच नव्हतं. त्याच अकॉर्डियनवर त्यांनी रेडिओसाठी नवी धून बांधली. मुका सूर आला की ते पायाने ठोका द्यायचे. रोज सकाळी रेडिओ त्या धुनेनेच सुरू व्हायचा.

आणि समोरचे सर? भर उन्हाळ्यात गळ्यात रेशमी रुमाल, दारापेक्षा पाटी मोठी! "पोरांचं ते डबडं मी ऐकतसुद्धा नाही," असं ते चारचौघांत सांगत. रविवारी वाचनालयाच्या समितीला ते आपली 'नवी रचना' ऐकवणार होते. ती पसंत पडली की माडीवरची खोली त्यांच्या क्लासला मिळणार होती. समितीला गाण्यातलं काय कळत होतं? तो रुमाल तेवढा कळत होता.

तिघंही तडक क्लासात गेली. सरांनी भुवया उंचावल्या. "ही रचना? मी तरुणपणी केलेली आहे. तुझ्या आजोबांनी कधीतरी माझीच ऐकली असेल. जा, खेळा!"

मिरचीने घरी येऊन सगळं सांगितलं. आजोबा नुसते हसले. "जाऊ दे बाळा. त्यांच्यापुढे बसड्रायव्हरचं कोण खरं मानणार?" त्यांनी अकॉर्डियन पेटीत ठेवलं आणि पेटी कॉटखाली सरकवली.

मिरचीला रडूच कोसळलं. खोली गेली असती तर ती भांडली असती, दुसरी शोधली असती. पण आजोबांनी वाजवणंच सोडलं तर?

"रडणं पुरे," डोळे पुसत ती ढापण्याला म्हणाली. "सरांना मुलाखतीला बोलवायचं."

"त्यांना? आपल्या माइकवर?" ढापण्याचा चष्मा नाकावरून घसरला. रेडिओच्या सगळ्या वायरी त्याच्या ताब्यात होत्या.

"कौतुक करतो म्हटलं की तो माणूस धावत येईल बघ. पोटात काही राहणार नाही त्याच्या."

आणि तसंच झालं! रविवारी सर रुमाल नीट करून माइकसमोर बसले. खाली वाचनालयात समिती जमली होती, मावशीने तिथला रेडिओ मोठ्याने लावून ठेवला होता.

"सर," मिरचीने आवाजात साखर घोळली, "तुमच्या धुनेतला तो ठोका! कसा सुचला हो?"

"हं! सामान्यांना नाही कळायचं ते," सर फुगले. "तिथली शांतता म्हणजे प्रतीक्षा. ठोका म्हणजे काळजाची धडधड. तो माझ्या रचनेचा प्राण आहे!"

"आणि तो पहिल्यापासून आहे?"

"अर्थात! कित्येक वर्षांपूर्वी, ऐन तारुण्यात सुचलेला!"

गुंडीने ब्लँकेट बाजूला केलं. बाहेर आजोबा उभे होते, गळ्यात अकॉर्डियन. मिरचीने तासभर हट्ट केला तेव्हा कुठे ते आले होते. त्यांनी धून वाजवली. त्या जागी अकॉर्डियन गप्प झालं आणि पाय वाजला, ठक्!

"आजोबा, इथे ठोका का हो देता?"

"काळीजबिळीज काही नाही गं! ही पट्टी वाजतच नाही. उद्घाटनाच्या दिवशी जिन्यावरून पडलं ना, तेव्हापासून मुकी आहे. गप्प बसण्यापेक्षा पाय आपटलेला बरा!"

खालून अध्यक्षांचा आवाज माडीपर्यंत आला. "माझ्याच पायावर पडलं होतं ते! अजून नख काळं आहे!" मागोमाग सगळं वाचनालय हसत सुटलं.

सरांची पार भंबेरी उडाली. "म्हणजे... योगायोग... प्रेरणा..." पुटपुटत ते उठले. उठताना रुमाल माइकच्या दांड्यात अडकला. तो तिथेच टाकून त्यांनी जिना गाठला.

मग समिती वर आली. "शाबास पोरांनो! खोली तुमचीच!" अध्यक्ष म्हणाले. "मला आधीपासूनच शंका होती बरं का."

"होती तर!" मिरची पुटपुटली. मावशीने तिला चिमटा काढला, पण स्वतःचं हसू काही तिला आवरेना. "धीट आहेस हो पोरी," ती हळूच म्हणाली, आणि ते मात्र मिरचीला खरं वाटलं.

ढापण्या तोवर अकॉर्डियन उघडून बसला होता. पट्टीखालची स्प्रिंग तुटलेली निघाली. त्याने बॉलपेनातली स्प्रिंग कापून बसवली. "आता बघा, आजोबा!"

आजोबांनी धून धरली. ती वर चढली, त्या जागी आली, आणि उद्घाटनापासून गप्प असलेला तो सूर स्वच्छ वाजला! आजोबांचे डोळे भरून आले. सूर वाजला तरी त्यांचा पाय मात्र सवयीने खाली आलाच, ठक्!

"आता ठोका कशाला, आजोबा?" गुंडी हसली.

"असू दे," आजोबा म्हणाले. "आता तो आपलाच आहे."

त्या दिवशी अकॉर्डियनची पेटी कॉटखाली गेली नाही, माइकशेजारीच राहिली.