गोगलगायीचं कपाट

जुन्या फर्निचरच्या दुकानामागं एक लांबट गोदाम होतं. ठकी आत शिरली तेव्हा तिथं कुणी दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. टक... टक... टक. कुणीतरी लाकडावर बोटं वाजवत होतं.

उलट्या रचलेल्या खुर्च्यांच्या मधून वाट काढत ती पुढं गेली, आणि एका बुटक्या, चार खणांच्या कपाटापाशी थबकली. त्याच्यावर चॉकलेटी ऑइलपेंटचे इतके जाड थर होते, की कोपरे पार गोल झाले होते. दिसायला अगदीच बापुडवाणं. तिनं उगीचच खालून दुसरा खण ओढला. तो अर्ध्यावर अडला. आणि तिला काही कळायच्या आत तिचा डावा गुडघा पुढं झाला, खणाच्या कोपऱ्यावर हलकेच टेकला — खण सुळकन बाहेर आला.

ठकी जागच्या जागी उभी राहिली. डोळ्यांच्या आधी गुडघ्याला ओळख पटली होती.

“अहो, अहो! डोक्यावर पाडाल!”

खणाच्या रिकाम्या चौकटीतून पलीकडून दोन डोळे तिच्याकडं बघत होते. भुवयांवर लाकडाचा भुसा.

“तुम्ही कपाटात काय करताय?” ठकीनं विचारलं.

“कपाटात नाही, कपाटामागं. मागची फळी निघालीये, म्हणून लाकूड बघतोय.” डोळे जरा जवळ आले. “हा खण अर्धा तास झाला माझ्याशी भांडतोय. तुम्ही काय केलंत?”

“काही नाही... अंदाजानं.”

“छान अंदाज आहे. सुताराला लाजवणारा.”

तो उठून उभा राहिला. उंच, सडपातळ, कानावर पेन्सिल. दोन गल्ल्यांपलीकडं त्याचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं. ठकीचं दुकान बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. लोक तिच्याकडं आजोबांच्या खुर्च्या, रंग उडालेली स्टुलं आणून टाकत. ती त्यांना रंग द्यायची, त्यावर स्टेन्सिलनं पानंफुलं उठवायची आणि नव्यासारखी करून परत द्यायची.

“अस्सल सागवान आहे,” सुतार कपाटावर हात फिरवत म्हणाला. “वरचा हा चिखल काढला की खाली सोनं.”

“मी घेणार आहे हे. रंगवायला.”

“सोन्याला रंग?” त्यानं छातीवर हात ठेवला. “बाई, पाप लागेल.”

“लागू दे. मला पापाची सवय आहे.”

“पाय डुगडुगतात त्याचे. ते कोण बसवणार?”

ठकीनं कपाटाचा एक पाय हलवून पाहिला. पाय बसवणं तिला खरंच जमत नव्हतं. दुकानाचा म्हातारा मालक दारातून हे ऐकत होता. तो वैतागून म्हणाला, “दोघं मिळून न्या आणि मला एकदाचं मोकळं करा. तू पाय बसव, ती रंग देईल. भांडायचं ते तिकडं जाऊन भांडा.”

अशा रीतीनं कपाट सुताराच्या वर्कशॉपमध्ये गेलं.

ठकीनं त्याला एक गोष्ट सांगितली नाही. ते कपाट तिचंच होतं.

तिची आई शिवणकाम करायची. कपडे बेतायचा जाड कागद घरात कायम असे. त्याच कागदातून आईनं ब्लेडनं एक वेल कापली, ती कपाटाला टेकवली, आणि स्पंजनं हिरव्या रंगाचे हलके ठिपके देत देत सगळं कपाट वेलीनं वेढून टाकलं. प्रत्येक खणावर, पानांच्या आड कुठंतरी एक पिटुकली गोगलगाय. एक कपाटाच्या उजव्या अंगावरही होती, ठकीच्या पलंगाच्या बाजूला, बरोबर उशीच्या उंचीवर. “गोगलगाय कुठवर पोचली गं?” असं विचारत आई तिला सकाळी उठवायची. ठकी डोळे मिटूनच बोट लावून दाखवायची.

ठकी नऊ वर्षांची असताना आई गेली. चारच दिवसांचं आजारपण. वर्षभरात बाबांनी घर बदललं आणि सामान उतरवून घेताना ठकीच्या लक्षात आलं, की कपाट आलेलंच नाही. बाबांचा चेहरा बघून तिनं विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही. पण सोळा वर्षं ती प्रत्येक जुन्या बाजारात, प्रत्येक गोदामात डोकावत राहिली.

आता ते सापडलं होतं. पण त्या चॉकलेटी रंगाखाली वेल उरली होती की नाही, कुणास ठाऊक? मोठ्यानं बोलून दाखवलं आणि खाली काहीच निघालं नाही तर... आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं असतं. म्हणून ती गप्प राहिली.

रोज सकाळी दहाला ती वर्कशॉपमध्ये जाऊ लागली. पाय पक्के होईपर्यंत रंगाला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं, त्यामुळं तिला तसं तिथं काहीच काम नव्हतं.

“आज काय तपासायला आलात?” तो विचारायचा.

“तुम्ही माझं कपाट सोन्याच्या भावात विकलं तर नाही ना, ते.”

“आपलं कपाट,” तो रंधा मारता मारता म्हणायचा, आणि त्याच्या हाताखालून लाकडाच्या पातळ कुरळ्या साली उडत राहायच्या. एकदा त्यातली एक तिच्या केसांत अडकली. तो ती काढायला पुढं झाला — हात मध्येच थांबला. “तुमच्या... इथं... कानामागं...”

“असू दे,” ठकी म्हणाली. “बरी दिसते.”

ती घरी गेली तरी साल केसांत तशीच होती. बाबांनी जेवताना दोनदा तिकडं पाहिलं आणि आमटीचं भांडं पुढं सरकवलं.

मग तो सोमवार आला. ठकी दारातून आत आली तर सुतार हसत उभा होता, खिशात हात घालून, शाळकरी पोरासारखा.

“डोळे मिटा. तुम्हाला एकदा खरं लाकूड दाखवायचंय. मग म्हणा रंग द्यायचा म्हणून.”

तिनं डोळे मिटले. उघडले, तेव्हा कपाटाची उजवी बाजू समोर होती. वरपासून खालपर्यंत मशीननं घासलेली, गुळगुळीत, मधासारखी चमकणारी. खाली फरशीवर भुशाचा ढीग. चॉकलेटी भुसा... आणि त्यात मिसळलेला हिरवा.

ठकी खाली बसली. तिनं तो भुसा चिमटीत धरला.

“हिरवं होतं ना, खाली?” तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. “पानं होती?”

“होतं काहीतरी. जुनी नक्षी असेल. का?” त्याचं हसू विरलं. “काय झालं?”

“माझ्या आईनं काढली होती.”

पुढचं तिनं कसं सांगितलं, किती सांगितलं, तिला आठवत नाही. शेवटी तो एवढंच म्हणाला, “तुम्ही सांगितलं असतं तर...”

“हो. मीच सांगायला हवं होतं.” ती उठली. खरी पंचाईत हीच होती, त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं. “तुम्हीच ठेवा ते. सोनं आहे ना.”

आठ दिवस ती तिकडं फिरकली नाही. दुकानात बसून एका खुर्चीला तिनं तीनदा प्रायमर दिला आणि तीनदा पुसला. दहा वाजले की मन उठून चालायला लागायचं. पाय तेवढे जागच्या जागी.

नवव्या दिवशी तो तिच्या दारात उभा राहिला. डोळे लाल, बोटांच्या टोकांची सालं निघालेली. आत यावं की नाही या विचारात तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

“एक गोगलगाय सापडलीये,” तो म्हणाला. “तुमची आहे का, बघायला याल?”

ठकीनं दुकानाला कुलूपही लावलं नाही.

वर्कशॉपमध्ये सगळ्यात वरचा खण टेबलावर ठेवला होता. एका कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेतून चॉकलेटी रंग निघाला होता आणि खालून वेल वर आली होती. जुन्या पिवळट रंगावर हिरवी पानं, स्पंजचे बारीक ठिपके जसेच्या तसे. पानाआड गोगलगाय.

“मशीन लावलं नाही,” तो घाईघाईनं सांगू लागला. “रंग मऊ करायचा, मग कापसाचा बोळा, मग पातळ पात्याची सुरी. थर वेगळा होतो, पण नखाएवढाच. दिवसाला दोन-तीन इंच होतात. उजवी बाजू... ती मी परत आणू शकत नाही. तेवढं सोडून, राहिलेलं सगळं काढतो. वर्ष लागलं तरी.”

ठकीनं गोगलगायीवर बोट ठेवलं. मग डोळे पुसत म्हणाली, “दुसरी सुरी आहे का?”

वर्ष लागलं नाही. दोघं मिळून सात आठवडे लागले. एकाच टेबलाशी समोरासमोर, एकाच खणावर वाकून. डोकी आपटायची. “सॉरी.” “तुमचं डोकं पण सागवानी आहे की काय?” कधी रंग सुटायची वाट बघत दोघं नुसतेच बसायचे आणि ती आईच्या गोष्टी सांगायची — आई टाचण्या ओठांत धरून कशी बोलायची, फक्त बाबांनाच ते कसं कळायचं. सोळा वर्षांत ती हे कुणाशीच बोलली नव्हती. तो ऐकताना काम थांबवायचा. तिला तेच आवडायचं.

चौथ्या खणावरची गोगलगाय मात्र विचित्र निघाली. वाकडी, फुगलेली, बटाट्यासारखी. आईच्या हातची वाटेना. त्या संध्याकाळी ठकीनं धीर करून बाबांना वर्कशॉपमध्ये आणलं. का, ते सांगितलं नाही.

बाबा कपाटासमोर आले. मग गुडघ्यावर हात टेकत सावकाश खाली बसले आणि त्या बटाट्याकडं बघून एकदम हसले.

“ही माझी,” ते म्हणाले. “तुझ्या आईनं हट्टानं काढायला लावली. स्टेन्सिल नको, नुसत्या हातानं काढा म्हणाली. मग आठ दिवस मला हसत होती.”

“बाबा, मग ते दिलंत कशाला?”

त्यांनी खणाची कड पकडली. “सकाळी उठलं की माझी नजरपण तिकडंच जायची, ठके. रोज. तू गोगलगाय शोधायचीस, मीही शोधायचो. ती गेल्यावर... मला ते झेपेना. देऊन टाकलं, आणि टेम्पो वळणावरून गेला तेव्हाच कळलं की चुकलं. तुला सांगायचं तोंड नव्हतं.”

ठकी त्यांच्या शेजारी फरशीवर बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. सुतार बाहेर जाऊन उभा राहिला. निघताना बाबा त्याच्यापाशी थांबले. “पाय चांगले बसवलेत,” एवढंच म्हणाले. पण त्याचा हात त्यांनी जरा जास्तच वेळ हातात ठेवला.

कपाट घरी जाणार, हे मग ठरूनच गेलं. राहिली ती उजवी बाजू.

“नवी वेल कापूया का?” सुतारानं विचारलं. “तुम्ही सांगाल तशी. मी ब्लेड धरायला शिकतो.”

ठकीनं त्या कोऱ्या लाकडावर हात फिरवला. लाकडाच्या रेषा पाण्यावरच्या तरंगांसारख्या सरकत गेल्या होत्या. “नको,” ती म्हणाली. “आईसारखी काढली तर नक्कल होईल. आणि लाकूड सुंदर आहे. त्या दिवशी मला दिसलं नाही.”

कपाट पोचवायचा दिवस शनिवार होता. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. खण आधीच वर नेले होते. सुतार वरच्या बाजूला, ठकी खालच्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट एकदम अडकलं. एक कोपरा कठड्यात, दुसरा भिंतीला. पुढं होईना, मागं होईना. दोघांचेही हात गुंतलेले.

“डावीकडं घ्या,” ठकी खालून म्हणाली.

“घेतो. पण त्याआधी...” तो थांबला. “बरंच झालं अडकलं ते. मोकळ्या हातांनी मला हे बोलता आलं नसतं. मी पळून गेलो असतो.”

“काय बोलता आलं नसतं?”

“उद्यापासून कपाट नाही. म्हणजे तुम्ही यायचं काही कारण नाही. आणि मला तर... दहा वाजले की दाराकडं बघायची सवय लागलीये. बाकी काही नाही, सवय मोडताना त्रास होतो.”

“नुसती सवय?”

वरून पाय घट्ट रोवल्याचा आवाज आला. “नाही. प्रेम आहे. मला नीट बोलता येत नाही, पण तेच आहे. तपासून बघितलंय.”

ठकीच्या हातांना रग लागली होती. कपाळावरचे केस डोळ्यांत येत होते आणि ते मागं सारायला हात मोकळा नव्हता. ती खुदकन हसली.

“ऐक,” ती म्हणाली.

“काय? तुम्ही मला ‘ऐक’ म्हणालात?”

“हो. आणि तूही आता ‘तुम्ही’ म्हणायचं सोड. माझ्या दुकानात तीन खुर्च्या दोन महिने पडून आहेत. गिऱ्हाईकं कंटाळून गेली. मला काय फक्त कपाटाचं वेड लागलं होतं असं वाटलं तुला?”

कपाट जरासं हललं.

“म्हणजे... तू...”

“म्हणजे मीही. आता नीट धर, नाहीतर हे माझ्या अंगावर येईल.”

“ठके!” वरून बाबांची हाक आली. “काय झालं रे पोरांनो? अडकलं का?”

“हो बाबा! जरा वेळ लागेल!”

“लागू दे की. सावकाश चालू द्या.” बाबांचं खाकरणं जिन्यात घुमलं. “मी काहीही ऐकलेलं नाही!”