खुर्चीवाली आणि खोटे आजोबा

खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतलेला तो माणूस दारात वाकायचं विसरला. खुर्चीचे पाय चौकटीला अडकले आणि तो खुर्चीसकट तिच्या दुकानात येऊन आदळला.

"बसायला दिली असती की," ती म्हणाली.

"बसूनच तर फाटलीये."

ती वेताच्या खुर्च्या विणायची. गल्लीभर तिला खुर्चीवालीच म्हणत. तो एका कंपनीत जाहिराती लिहायचा. तिचं विणणं बघता बघता त्यानं विचारलं, या दुकानाचा पत्ता लोकांना लागतो तरी कसा? जाहिरातीला पैसे कुठले, असं ती म्हणाली. फोन आहे ना, मग झालं तर, असं त्याचं म्हणणं पडलं.

तेव्हापासून कामावरून सुटला की तो इकडेच वळायचा. फोटो काढायचा, चार ओळी लिहून, त्यानंच उघडून दिलेल्या तिच्या पेजवर टाकायचा. फोटो खुर्चीचे निघतायत की आपले... असं मधूनच तिच्या मनात यायचं. पण ती मान वर करायची नाही.

मग एक मजकूर भलताच गाजला – 'आजोबांनी नातीच्या हाती सोपवलेली कला'. तिला आजोबा आठवतही नव्हते. पण वाचून तिनंही हसण्यावारी नेलं. मागण्या येऊ लागल्या, एका हॉटेलवाल्यानं तर अख्ख्या गच्चीच्या खुर्च्या सांगितल्या.

मावशीनं तो मजकूर वाचला. याच मावशीनं तिला वाढवलं होतं. नवरा सोडून गेल्यावर मावशी वेताच्या खुर्च्यांच्या एका कारखान्यात झाडू मारायची. तिथं बघून बघून विणायला शिकली आणि पुढे भाचीलाही शिकवलं. आता तिची बोटं वाकडी झाली होती. चष्मा काढत ती म्हणाली, "छान लिहिलंय. पण आजोबा कुठले गं हे?"

भाचीनं फोन उलटा करून ठेवला.

संध्याकाळी तो आला, तेव्हा तिनं जाब विचारला. लोकांना गोष्ट लागते, असं काहीतरी तो बोलू लागला.

"मग माझ्या मावशीत गोष्ट नव्हती?"

तो फोन खिशात टाकून निघून गेला.

तिनं स्वतःच लिहिलं, जसं सुचलं तसं. आजोबा खोटे आहेत, मला मावशीनं शिकवलं, चूक माझीही आहे. हॉटेलवाल्यानं मागणी रद्द केली. कुणी कुणी वाट्टेल ते लिहिलं. तिनं एक अक्षर पुसलं नाही.

बरेच दिवस तो फिरकला नाही. आला तो थेट मावशीपुढे जाऊन उभा राहिला, माफी मागितली. मावशीनं आधी त्याला चांगलं झापलं, मग बसवून घेतलं आणि दिवस मावळेपर्यंत बोलत राहिली. त्यानं फक्त ऐकलं. शेवटी तिला विचारून तिच्या हातांचं चित्रण केलं, आवाजही तिचाच. तो व्हिडिओ काही फार गाजला नाही. पण तो पाहून आलेली माणसं मावशीशी बोलल्याशिवाय जात नव्हती, आणि पुन्हा येत होती.

एकदा मावशी चहा टाकायला आत गेली आणि मुद्दामच रेंगाळली.

"तुमच्याबद्दल लिहायला बसलो की..." तो अडखळला. "खोटं लिहवत नाही. आणि खरं लिहायचा धीर होत नाही."

"मग लिहू नका. बोला."

"मला रोज यायचंय इथं... काही काम नसलं तरी."

तिनं पाण्यात भिजत घातलेली वेताची एक पट्टी उचलली. मग तिनं पट्टीचं टोक त्याच्या हातात दिलं – बोटांना बोटं लागली, ती तिनं काढून घेतली नाहीत.

"घट्ट धर," ती हळूच म्हणाली. "सैल सोडलंस तर वीण बिघडते."