झरोक्याची उशी

ही गोष्ट खरी आहे.

सगळेच असं म्हणतात, म्हणाल तुम्ही. म्हणा. मला कुणाला पटवायची हौस नाही. हे माझ्या सख्ख्या आत्याच्या घरात घडलंय आणि आत्या थापा मारणाऱ्यांतली नाही. ब्लाउज बोटभर आखूड झाला तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर 'माझंच चुकलं' म्हणून मोकळी होणारी बाई आहे ती.

आणि हो, अमावास्येच्या रात्रीची वाट बघत असाल तर सोडून द्या. हे सगळं दुपारी घडलं. जेवणं उरकली की माणसं जरा आडवी होतात ना, त्या वेळी.

कडाक्याचा हिवाळा होता. आत्या तेव्हा एका जुन्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर राहायची. दोन खोल्या. पुढच्या खोलीत स्वयंपाक. मागच्या खोलीत सासऱ्यांची खाट, आत्याचं शिलाई मशीन आणि भिंतीला गॅसचा हीटर. काका लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, त्यामुळे ते घरी असले तरी पाहुण्यासारखेच.

आत्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, ती लहान असतानाच गेले. त्यामुळे सासऱ्यांना ती बाबा म्हणायची ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं. जीव होता तिचा त्यांच्यावर. बाबा आयुष्यभर एका कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी होते. आता छाती गेली होती. श्वास घेतला की आत शिट्टी वाजायची. सतत. आत्या म्हणायची, "बाबा, तुम्ही घरात कुठे आहात ते मला शोधावं लागत नाही."

"आणि तू मशीनवर शिवतेस की त्याच्याशी भांडतेस ते मला कळत नाही," बाबा म्हणायचे.

आदल्या हिवाळ्यात बाबा मरणाच्या दारातून परत आले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा छातीत थंडी भरली तर आमच्या हातात काही नाही.

हा हिवाळा बाबांना सुखरूप काढून द्यायचा. आत्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

म्हणून तर हीटर घेतला. बसवायला आलेल्या माणसानं खाटेच्या वर, छताखाली बोट दाखवलं. तिथे भिंतीत वीतभर चौकोनी झरोका होता, बाहेरून पत्र्याची जाळी.

"ताई, हा बुजवू नका. गॅस जळताना खोलीतली हवा खातो. बाहेरची आत यायला पाहिजे."

आत्या म्हणाली, "बरं."

आपण म्हणतो ना बरं, तसंच.

थोडे दिवस बरे गेले. मग एका दुपारी आत्या शिवत बसली होती. बाबा डोळे मिटून पडले होते. आणि मागून आवाज आला...

"जागा आहे."

आत्यानं वळून पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेलेच. तिला हसू आलं. कारखान्यात साहेब फेरीवर आला की विचारायचा, जागा आहेस का रे? हे म्हणायचे, जागा आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ती मनात म्हणाली आणि पुन्हा पायडल मारायला लागली.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दुपारीही.

"बाबा, कुणाशी बोलता?"

"त्या बाई विचारतात. विचारलं तर उत्तर द्यायला नको?"

"कोण बाई?"

बाबांनी बोट वर केलं. झरोक्याकडे.

आत्यानं खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं. सरळसोट भिंत. ना गॅलरी, ना शिडी, ना पाय ठेवायला जागा. खाली इमारतीचं मागचं अंगण, तेही रिकामं.

होतो भ्रम म्हातारपणी. तिनं स्वतःची समजूत घातली.

मग एकदा शिवता शिवता दोरा तुटला. मशीन थांबलं. खोलीत हीटरची फुसफुस तेवढी राहिली. बाबांच्या छातीतली शिट्टी. आणि वरून...

"जागे आहात का?"

बाईचा आवाज. वयस्कर. धाप लागल्यासारखा.

"जागा आहे," बाबा म्हणाले. "सूनबाईपण जागी आहे."

आत्याच्या हातातून दोऱ्याचं टोक कधी सुटलं ते कळलं नाही.

संध्याकाळी ती खाली इस्त्रीवाल्याकडे गेली. तो त्या इमारतीत सगळ्यात जुना. आमच्या खोलीत आधी कोण राहायचं, असं तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"म्हातारे नवरा-बायको होते," तो शर्ट उलटा करत म्हणाला. "हिवाळ्यात दुपारचं जरा पडले, ते पडलेच. बाई दाराजवळ सापडल्या. थंडीनं गेले म्हणाले सगळे."

त्यांच्याकडे हीटर होता का, हे आत्यानं विचारलं नाही. कसं सुचणार? तिच्या डोक्यात भलतंच चक्र सुरू झालं होतं. मेलेली बाई रोज येते. रोज म्हाताऱ्या माणसाला हाक मारते. आणि हा भोळा माणूस रोज ओ देतो.

अनोळखी हाकेला ओ देऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ओ दिली की ती हाक घेऊन जाते. तुम्ही असता तर काय केलं असतं? मी असतो तर मीही आत्यानं केलं तेच केलं असतं.

ती बाबांच्या खाटेवर बसली आणि म्हणाली, "बाबा, शब्द द्या. पुन्हा तिला उत्तर द्यायचं नाही."

"अगं, नुसतं विचारते बिचारी. नेते कुठे?"

"माझ्यासाठी."

बाबा तिला चिडवणार होते. पण तिचे डोळे भरलेले पाहिले आणि थांबले.

"बरं पोरी. नाही देणार. पहारेकऱ्याचा शब्द."

त्याच रात्री आत्यानं जुनी रजई उसवली. झरोक्याचं माप घेतलं. कापूस दुपटीनं भरून, कडा दोनदा शिवून एक चौकोनी उशी केली. दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून ती लाकडी पट्टीनं ठोकून ठोकून आत बसवली. मुंगी शिरणार नाही इतकी गच्च. खिडकीच्या फटींवरही कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या.

दुपार झाली. आत्या कान देऊन बसली.

काहीच नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. आवाज थांबला. शिवाय खोली अशी उबदार झाली की आत्याला दोन्ही गोष्टी साधल्यासारखं वाटलं. बाबांच्या गालांवर लाली आली. ती आरसा घेऊन त्यांना दाखवायची, "बघा, रंग आला की नाही?"

खिडकीच्या काचांवरून आतल्या बाजूनं पाणी ओघळायला लागलं. हीटरची ज्योत निळी असायची, ती पिवळी दिसायला लागली. आत्याला ती जास्त छान वाटली. तिचं डोकं जड व्हायचं. तिनं ठरवलं, चष्म्याचा नंबर बदलला असणार, काका आले की दाखवून येऊ.

बाबा दुपारी जास्त वेळ झोपायला लागले. एकदा उठून झरोक्याकडे बघत राहिले.

"हल्ली ती विचारत नाही."

"बरंच झालं."

"मग जागं कशाला राहायचं?" बाबा म्हणाले. चेष्टेत म्हणाले. आत्याही हसली. ते हसणं आठवलं की तिला आजही जेवण जात नाही.

मग ती दुपार आली.

बाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरची इमारत दिसत नव्हती. बाबा जेवून पडले. आत्या परकराला नेफा घालत बसली. मशीन चालू होतं. चालूच होतं. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं... सुईखाली कापडच नाही. परकर केव्हाच खाली पडलाय. आणि ती नुसतंच पायडल मारत सुईकडे बघत बसली आहे.

तिला त्याचं नवल वाटलं नाही. उलट बरं वाटत होतं. मशीनवर डोकं टेकवावं, असं वाटत होतं.

तिनं टेकवलं.

आणि तेव्हा...

"जागे आहात का?"

आवाज झरोक्यातून आला नाही. खाटेच्या पायथ्याशी आला. खोलीतून.

आत्याला वाटलं होतं, आपण हिला बाहेर ठेवलं. आपण हिला आत कोंडलं होतं.

"जागे आहात का?"

आत्यानं दात घट्ट आवळले. ओ द्यायची नाही. तिनं वाट पाहिली, बाबा शब्द पाळतात की नाही. बाबा गप्प राहिले. शाब्बास बाबा, ती मनात म्हणाली. शाब्बास.

मग तिच्या लक्षात आलं, बाबा फारच गप्प आहेत.

शिट्टी वाजत नव्हती.

इतक्या वर्षांत ती खोली आत्यानं कधी शिट्टीशिवाय ऐकली नव्हती.

"अहो, कुणीतरी उत्तर द्या हो." आता आवाज अगदी कानाशी होता, आणि तो रडत होता. "उठा. उठा ना."

आत्या उठायला गेली. ती पडली. रांगत निघाली. खिडकी हाताशी होती, पण डोकं चालत नव्हतं. डोक्यात एकच, ती उशी काढायची. हातात कात्री धरून ती कशीबशी स्टुलावर चढली. उशीला बोट घालायला जागा नव्हती. तिनंच ठेवली नव्हती. तिनं नखं रोवली. कात्री खुपसली. कापूस निघत राहिला, मूठ मूठ कापूस, उशी हलेना. दोनदा शिवलेल्या कडा. तिच्याच हातची पक्की शिवण.

"बाबा, उठा," ती म्हणत होती. "बाबा, मी सोडवते तुम्हाला शब्दातून. द्या उत्तर. द्या ना."

स्टूल कलंडलं. ती खिडकीवर आदळली. काच फुटून खाली अंगणात पडली आणि थंडगार हवा आत घुसली. तिनं हीटरची कळ कशी बंद केली तिला आठवत नाही. काचेच्या आवाजानं इस्त्रीवाला वर धावत आला. दार उघडायला आत्याच गेली. तो म्हणतो, ती दाराशी बसकण मारून बसली होती आणि एकच विचारत होती, "ते बोलले का? ते काही बोलले का?"

बाबा गेले होते. गालांवर तीच लाली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बंद खोलीत गॅस अर्धवट जळतो, विषारी हवा तयार होते. तिला ना वास, ना रंग. माणूस झोपतो आणि तसाच जातो. झरोका उघडा असता तर काही झालं नसतं.

आत्यानं एकच प्रश्न विचारला. किती वाजता गेले?

डॉक्टर म्हणाले, नेमकं सांगता येणार नाही. ती जागी होण्याच्या आधी असेल, नंतर असेल.

म्हणजे त्या दुपारी बाईनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा बाबा होते की नव्हते, हे कुणालाच माहीत नाही. ते गप्प राहिले ते गेले होते म्हणून, की सुनेला शब्द दिला होता म्हणून? आत्या आजही हे विचारते. कुणाला नाही, मशीनशी बसून स्वतःलाच. काका ऐकतात आणि उठून बाहेर जातात.

त्यांनी ती जागा सोडली. नव्या घरात विजेचा हीटर आहे. झरोका नाहीच.

गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेलो होतो. जेवलो, जरा लवंडलो. आत्या शिवत होती. डोळा लागत होता, तेवढ्यात कुठेतरी बारीक शिट्टी ऐकू आली. मला वाटलं, कुकर असेल. पण ती आत-बाहेर होत होती... श्वासासारखी.

मग कुणीतरी खाकरलं.

"जागी आहेस ना गं, सूनबाई?"

आत्यानं मानसुद्धा वर केली नाही.

"जागी आहे, बाबा."

मी ताडकन उठून बसलो. खोलीत आम्ही दोघंच. शिट्टी थांबली नव्हती. ती माझ्या उशाशी आली होती आणि तिथेच होती.

"तुला विचारतायत," आत्या म्हणाली.

मी विचारलं, "आणि नाही दिलं उत्तर, तर?"

तिनं मशीन थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पण ती नजर मला अजून विसरता येत नाही.

"देऊन टाक रे बाळा," ती म्हणाली. "त्यांना वाट बघायला लावू नकोस."

मी उत्तर दिलं. शिट्टी हळूहळू लांब गेली.

माझ्या खोलीतही गॅसचाच हीटर आहे. मी खिडकी बोटभर उघडी ठेवतो, कितीही थंडी असो. इथे मला कुणी काही विचारत नाही. तरी दुपारी एकटा असलो की मी मोठ्यानं सांगून टाकतो, जागा आहे.

मग थोडा वेळ कान देऊन बसतो.