लिंबाने घासलेली नाणी

समुद्रात एक बेट होतं, कॅरिआकू त्याचं नाव. तिथल्या नावा बांधणाऱ्यांच्या गावात कॅन्यूट क्वाशी राहायचा, त्याची बायको झेफिरिन राहायची, आणि दोघांना टोमणे मारायला त्याची म्हातारी आत्या राहायची. तिला सगळा गाव टँटी म्हणायचा.

कॅन्यूटनं नाव बांधली होती. सागवानी रंगाची, देखणी. पण शिडाच्या कापडाला पैसा नव्हता, म्हणून ती दोन पावसाळे किनाऱ्यावर टेकूंवर उभी होती आणि कोंबड्या तिच्याखाली अंडी घालत होत्या. आणखी एक पावसाळा काढला असता तर फळ्या उलल्या असत्या आणि सगळी मेहनत चुलीत गेली असती. विकायला घरात एकच गोष्ट होती, कॅन्यूटची नाणी. लहानपणापासून त्याला छंद. राजाराणीच्या काळातली, कुणी ऐकलीसुद्धा नसतील अशी चिल्लर. पाव पेनीचंही अर्धं असलेलं, अर्ध्या फार्दिंगचं तांब्याचं नाणं. दीड पेनीचं चांदीचं, करंगळीच्या नखाएवढं. डॉलरचा सोळावा हिस्सा, त्यावर जहाजाचा नांगर कोरलेला. फार थोडी पाडलेली, म्हणून दुर्मिळ. एक लाकडी वाडगा भरला होता.

त्रिनिदादहून मिस्टर फ्रेतास नावाचा व्यापारी ती बघायला येणार होता. नेमका त्याच्या आदल्या दिवशी कॅन्यूटच्या बापाच्या, पापा उर्बनच्या, थडग्याचा दगड बसवायचा होता. म्हणजे जेवणावळ, ढोल, नाच, रम. अंगणात तीन चुली पेटल्या होत्या आणि वाटाणा-भाताचा वास पार समुद्रापर्यंत गेला होता.

झेफिरिनला वाटलं, पाहुणा येतोय, घरातलं सगळं लखलखीत हवं. तिनं भांडी घासली, दिवे घासले, आणि वाडगा दिसला तशी नाणीही घेतली. लिंबू, राख, नारळाचा काथ्या. घासून घासून नाणी अशी काढली की राणीच्या नाकावर ऊन चमकायला लागलं. ती कौतुकानं वाडगा घेऊन दारात आली, तर बाहेर कॅन्यूट टँटीला सांगत होता,

"काळेपणाचेच तर पैसे देणार तो. घासलेलं नाणं त्याला फुकट दिलं तरी तो उचलायचा नाही."

"म्हणजे मळ विकतोस," टँटी म्हणाली. "तुझ्या बापाला एवढं सुचलं असतं तर तो राजवाड्यात मेला असता."

झेफिरिन वाडगा घेऊन मागं सरली. कॅन्यूट आत यायला वळला. वाडगा लपवायचा कुठं? एकच खोली अशी होती जिथं उद्या उजाडेपर्यंत कुणी पाऊल टाकणार नव्हतं. तिथं मेलेल्यांसाठी जेवण मांडलं होतं. पांढरा कपडा, भात, कोंबडी, माशाचा तुकडा, रमचा पेला. तिनं वाडगा पापा उर्बनच्या ताटाशेजारी सारला आणि बाहेर येऊन दार ओढलं. लगेच टँटीनं उंबऱ्यावर रम शिंपडली. झालं. आता दार उघडणं म्हणजे जेवत्या माणसाच्या पुढ्यातलं ताट ओढणं.

दिवेलागणीला ढोल रंगात आले. कॅन्यूट तर असा नाचत होता की शीड कालच आलं असावं. झेफिरिन मात्र त्या दाराशी जाऊन उभी राहिली. फटीतून वास येत होता... खारवलेल्या माशाचा, ओल्या दोरखंडाचा, चिलमीतल्या तंबाखूचा. पापा उर्बन गेल्यापासून घरात चिलीम ओढणारं कुणी राहिलं नव्हतं.

मग खळखळ ऐकू आली. नाण्यांची. थोडी इकडं, थोडी तिकडं.

"नवं कोरं दिसतंय..." आतून एक बाई हळूच म्हणाली.

"आजच आलंय बाजारात. घे, एका वांग्याचं."

"एका वांग्याची दोन नाणी दे... आणि मिरचीचं वर एक."

"लुटतेस गं मला..."

आणि कितीतरी जण हसले. दबक्या आवाजात, पोट धरून. त्यात एक हसणं खोकल्यात संपलं, तसं झेफिरिनच्या मानेवर काटा आला. सासऱ्याचा तो खोकला तिनं सात वर्षं शेकला होता.

मागून टँटीचा हात खांद्यावर पडला. "काय ऐकतेस, पोरी?"

"आत... बाजार भरलाय, टँटी."

टँटीनं कान लावला. मग तिच्या तोंडावर लहान मुलीसारखं हसू आलं. "तो आवाज माझ्या आईचा. मेली तरी घासाघीस सोडत नाही. चल, भरू दे त्यांचा बाजार. आपलीच माणसं आहेत, हवालदार नाहीत."

उजाडलं. आभाळ भरून आलं होतं. टँटीनं दार उघडलं. भाताच्या ढिगात बोटांच्या खुणा होत्या. वाडगा रिकामा, आणि नाणी टेबलभर छोट्या छोट्या ढिगांत मांडलेली, बाजारात बायका मांडतात तशी. सगळी काळी. मऊ, जुनी काळी, शंभर वर्षं कनवटीला राहिल्यासारखी.

"माझी नाणी कुणी पसरली?" कॅन्यूट म्हणाला.

"गिऱ्हाइकांनी," टँटी म्हणाली.

मिस्टर फ्रेतास आला, बसला, डोळ्याला भिंग लावलं. एकेक नाणं फिरवून बघता बघता त्याचा चहा निवला. "माणसांच्या हातांशिवाय असा रंग चढत नाही," तो म्हणाला. मग जरा थांबला. "पण ही गरम कशी?"

"उन्हात ठेवली होती," झेफिरिन म्हणाली.

त्यानं खिडकीतून भरल्या आभाळाकडं पाहिलं, आणि पैसे जरा घाईनंच मोजले. मागितले त्यापेक्षा वर दिले.

शीड आलं. टेकू तोडले, सगळ्या गावानं दोर ओढून नाव पाण्यात उतरवली, आणि झेफिरिननं त्या रात्री कॅन्यूटला सगळं सांगून टाकलं. तो आधी पांढरा पडला, मग इतका हसला की त्याला उचकी लागली.

पहिल्याच फेरीला नाव शेजारच्या ग्रेनाडा बेटाला बकऱ्या, कांदे आणि माणसं भरून गेली. परत आल्यावर भाड्याचा डबा उघडला, तर नोटांच्या तळाशी अर्ध्या फार्दिंगचं एक नाणं. चकचकीत. लिंबाचा वास येणारं. फ्रेतासला दिलेल्यात एकही कमी नव्हतं, त्यानं तसं कळवलंही. कॅन्यूटनं उतारू आठवून पाहिले. त्यातल्या कुणाकडं ते असणं शक्य नव्हतं.

त्या नावेनं घराला पत्रे घातले, पुढं झालेल्या पोरींना शाळेत घातलं, दुसरी नाव बांधून दिली. वादळात गावच्या कितीतरी नावा फुटल्या, ही कधी फुटली नाही. फक्त एक आहे. धक्क्याला लागली, माणसं उतरली, बकऱ्या उतरल्या, शीड गुंडाळलं, तरी तिची पुढची बाजू पाण्यात दबलेलीच राहते. मग कॅन्यूट तिकडं हात पुढं करतो, म्हाताऱ्या माणसाला उतरायला करावा तसा. नाव हळूच वर येते. आणि घरी येईपर्यंत त्याच्या तळहाताला चिलमीचा वास असतो.