मातीचा किल्ला

बेडोकच्या कम्युनिटी क्लबात परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींचा ‘माझ्या आवडीचा किल्ला’ असा स्लाइड शो आहे, एवढंच ऐकून सुनेत्रा नोव्हेनाच्या हॉस्पिटलमधली ड्युटी संपवून पावसात भिजत तिथं पोहोचली. राजगड दिसेल, तोरणा दिसेल... पडद्यावर मात्र गवताची एक टेकडी आणि चरणाऱ्या मेंढ्या.

“किल्ला मेंढ्यांच्या मागे आहे का?” तिनं मागूनच विचारलं.

सगळे हसले. बोलणारा प्रबोध, जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातला इंजिनियर, कानापर्यंत लाल झाला. “टेकडी हाच किल्ला. इंग्लंडमधला. नऊशे वर्षांपूर्वी नॉर्मन लोकांनी खंदक खणला, त्याच मातीचा ढीग रचला, वर लाकडी बुरूज. लाकूड कुजलं... माती राहिली.”

शो संपला, मंडळी बटाटेवड्यांकडे वळली. ती थांबली.

“रागावलात?”

“छे. तुम्ही बघत तरी होतात.”

“पण हाच किल्ला का?”

“तिकडे शिकत होतो. ओळखीचं कुणी नव्हतं. दर रविवारी त्यावर बसून मोठ्यानं मराठी बोलायचो.”

“कुणाशी?”

“मेंढ्यांशी. त्या तुमच्याइतके प्रश्न विचारायच्या नाहीत.”

ती हसली, आणि त्याचं पुढचं वाक्य हरवलं.

मग रविवार तिचे झाले. ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर चालणं, हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवरची कॉफी. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही.

ऑगस्टमध्ये तो उसाच्या रसात नुसतीच स्ट्रॉ फिरवत बसला. “कंपनी इंग्लंडला पाठवतेय. तीन वर्षं.”

सुनेत्राला नुकतंच प्रमोशन मिळालं होतं. ती टेबलावरचं ग्लासचं ओलं वर्तुळ बोटानं पुसत राहिली.

“विचार ना काहीतरी,” तो म्हणाला.

“या वेळी तू विचार.”

त्यानं ग्लास बाजूला सारला. “माझ्याबरोबर येशील? म्हणजे... लग्न करशील माझ्याशी?”

“इतकी चांगली नोकरी सोडून? आईला काय सांगू, मातीचा ढिगारा बघायला चाललेय?”

“माझ्यासाठी चाललेय, असं सांग.”

तिनं त्याचा ग्लास स्वतःकडे ओढला आणि एक घोट घेतला. “सांगते,” ती हळूच म्हणाली. “नोकरी मी तिथंही शोधेन. पण मुलाखतीच्या दिवशी स्वयंपाक तुझा.”

एप्रिलमध्ये दोघं त्या टेकडीच्या माथ्यावर उभे होते. बोचरा वारा, खाली ओलं गवत, आणि प्रबोध खंदकाची खोली समजावून सांगत होता. सुनेत्रानं त्याच्या कोटाची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं.

खंदक किती खोल होता, ते सांगायचं राहूनच गेलं.